नॅनो, नन्हा अन् आपलं लहानसान

आर्वीकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. गावच्या शेतकरी मेळाव्याचा फलक त्यांना लिहायचा आहे, तर "नॅनो खत" याला मराठीत "सूक्ष्म खत" म्हणावं का "अब्जांश खत"? अन् जाता जाता विचारलंय की नॅनो हा शब्द आपल्याच 'नन्हा'वरून तिकडं गेला असं मोबाईलवर फिरतंय, ते खरं का.

खोटं आहे भाऊ. वर्षभरात हे मला पाचव्यांदा आलं, आता डोकं फिरायची पाळी आली. नॅनो आलं ग्रीक 'नानोस'वरून, अर्थ ठेंगू माणूस, लॅटिनात त्याचं 'नानुस' झालं, अन् 1960 मध्ये मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अब्जाव्या भागाचा उपसर्ग म्हणून ते पक्कं बसलं. नन्हाचं घराणं वेगळं, त्यावर खाली येतोच.

"सूक्ष्म खत" तं अजिबात लिहू नका. जस्त, लोह, बोरॉन यांना आपण आधीच सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणतो, अन् तिथं सूक्ष्मचा अर्थ पिकाला थोडीशीच लागतात असा आहे, कणाच्या आकाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. शेतकरी फलक वाचून झिंक मागेल अन् दुकानदार देईल नॅनो खताची बाटली. मागच्या हंगामात एका दुकानात मी कानानं ऐकलं, "नॅनो म्हंजे पातळ, काका." मग आमच्या घरचं ताकही नॅनोच म्हणा की!

"अब्जांश" हिशेबाला बरोबर आहे, मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर, आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड. पण ते झालं माप. अब्जांश खत म्हटलं की माणूस विचारणार, कशाचा अब्जावा भाग, पोत्याचा?

अन् खरी चीड मला याची येते की नॅनो म्हणजे "लय बारीक" एवढ्यावरच सगळे थांबतात. हळकुंड कितीही कुटा, हळद पिवळीच राहते, म्हणून आपल्याला वाटतं बारीक केल्यानं वस्तू बदलत नाही. पण 1 ते 100 नॅनोमीटरच्या टापूत गेलं की तीच वस्तू वेगळी वागायला लागते. सोनंच घ्या ना. मायकेल फॅरेडेनं 1857 मध्ये सोन्याचे असे कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी झालं माणकासारखं लाल, कारण एवढ्या कणातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून झुलतात अन् हिरवा उजेड गिळून टाकतात. बांगडीचं सोनं 1064 अंशाला वितळतं, दोन-तीन नॅनोमीटरचा कण मात्र त्याच्या कैक शे अंश आधीच पाघळतो. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या, त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटीमीटर. तोच एकेक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापत गेलात तर सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून 6000 चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास दीड एकर, बोराएवढ्या तुकड्यातून! रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला त्रिविक्रम आहे, ठेंगू वामनानं तीन पावलं जमीन मागितली त्याची गोष्ट, अन् ग्रीकात नानोस म्हणजे ठेंगूच, हे मला उगाच आवडतं. तर कणातले निम्मेशिम्मे अणू असे बाहेरच्या अंगाला आले की त्यांना धरून ठेवणारे शेजारी कमी पडतात, मग ते लवकर सुटतात अन् लवकर दुसऱ्याला चिकटतात. जिनिंगमधे दाबलेली गाठ पेटली तर धुमसत राहते, मोकळा कापूस भपकन जातो, त्यातलंच हे थोडं.

आता नन्हा. संस्कृतात 'श्लक्ष्ण' शब्द आहे, गुळगुळीत, मऊसूत. प्राकृतात क्ष्ण चा ण्ह होतो, तीक्ष्णचा तिण्ह होतो तसा, मग श्लक्ष्णचा 'लण्ह' झाला, त्यातून हिंदीत नन्हा अन् आपल्याकडं लहान. आमच्याकडची म्हातारी माणसं 'लान्हा' म्हणतात त्यांना लोक हसतात, पण प्राकृताच्या जवळ तीच आहेत. बरेच विद्वान लहानला लघुवरून आणतात, अन् इथं माझं त्यांच्याशी मुळीच पटत नाही. लघुचंच रूप लघुक, त्याचं प्राकृतात 'हलुअ' होतं, अन् त्याची पोरं आहेत हळू अन् हलकं. लघुवरून आणता तर लहानमधला न आला कुठून, तो काय आकाशातून पडला? बरं, हेमचंद्रानं 12व्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं त्यात सूक्ष्म अन् श्लक्ष्ण या दोघांचंही रूप 'सण्ह' दिलंय. तेच आपलं 'सान'. म्हणजे "लहानसान" म्हणताना आपण एकाच श्लक्ष्णाला दोनदा हाक मारतो, किंवा श्लक्ष्ण अन् सूक्ष्म यांना जोडीनं. अन् आयुर्वेदात हे दोन्ही वीस गुणांच्या यादीत बसलेत, श्लक्ष्णच्या उलट खर म्हणजे खरखरीत, सूक्ष्मच्या उलट स्थूल. यादी गुणांची आहे, मापांची नाही! मला तं पक्कं वाटतं की बारीक होणं म्हणजे स्वभाव बदलणं ही समज या शब्दांत होती, मराठीत येईपर्यंत लहान नुसतं फूटपट्टीला लागलं. हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

हां, फलक राहिला. "नॅनो खत" असंच लिहा. फक्त अर्धचंद्र विसरू नका, आमच्या फाट्यावर "नेनो"वाला फलक दोन वर्षं झाली उभा आहे.