वहीतली नऊ ध्येये आणि कंसातल्या काकी

वाचकाचे पत्र:
मी ४३ वर्षांची असून देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. यजमानांची आंब्याची थोडी कलमे आहेत. मुलगा गेल्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेला. पावसाळ्यापासून मला कशातच रस वाटत नाही. सकाळी अंथरुणातून उठवत नाही आणि कधी कधी तर उजाडूच नये असे वाटते. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या दिल्या. त्यांनी झोप लागते, बाकी फारसा फरक नाही. मुंबईच्या बहिणीने एक सुंदर डायरी पाठवून सकारात्मक ध्येये लिहायला सांगितले. मी नऊ लिहिली: पहाटे पाचला उठणे, दहा किलो वजन कमी करणे, फणसपोळी आणि कोकमाच्या आगळाचा उद्योग सुरू करणे, इंग्रजी बोलायला शिकणे, न चिडणे, न रडणे, मुलाला काळजी वाटू न देणे, झाले गेले विसरणे आणि सदैव आनंदी राहणे. (पूर्वी शेजारच्या काकींबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जात असे, तेही सोडले. त्यातून निष्पन्न काय होते?) दोन महिन्यांत एकही ध्येय साधले नाही. बहीण रोज फोन करून विचारते. आता नवी ध्येये कशी ठरवू?

उत्तर:
ताई, नवे ध्येय एकही ठरवू नका. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात लिहून टाकले आहे आणि माझे सारे उत्तर त्या कंसाविषयीच आहे.

वहीतली नऊ कलमे मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांत तुम्ही कोठेच दिसत नाही. पहाटे पाचला उठणे हे तर, ज्या बाईला सकाळची वेळच सर्वांत जड जाते तिच्यासाठी, दिवसाची सुरुवात पराभवाने करण्याची व्यवस्था आहे. नैराश्यात अनेकांना सकाळ अधिक कठीण जाते आणि दिवस कलू लागला की थोडे हलके वाटते, हे तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक असेल. न चिडणे, न रडणे, काळजी वाटू न देणे, विसरणे, यांपैकी एकही गोष्ट करता येण्याजोगी नाही. या न करण्याच्या गोष्टी आहेत, आणि न करण्याची गोष्ट पुरी कधी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. फक्त मोडली कधी, एवढेच कळते. म्हणजे तुम्ही दोन महिने रोज रात्री स्वतःचे गुन्हे मोजत बसला होतात. सदैव आनंदी राहणे हे कोणाही जिवंत माणसाचे ध्येय होऊ शकत नाही, म्हणून त्याविषयी मी बोलतच नाही.

तुमच्या बहिणीचा जीव तुमच्यावर आहे, हे मला दिसते. पण रोज फोन करून ‘आज काय साधले’ असे विचारणे ही हजेरी झाली. तिला सांगा की फोन जरूर कर, पण डायरीविषयी विचारू नकोस. तिला वाईट वाटले तर वाटू द्या.

आता तो कंस. तिसऱ्या काढण्यातून निष्पन्न काय होते, असे तुम्ही विचारता. खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलवाळूत वाकून बोटांनी चाचपणे, गार पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहणे, एका माणसाशी दीड-दोन तास बोलणे किंवा न बोलता त्याच्या शेजारी असणे, आणि घरी परतल्यावर टोपली पाण्यात भिजत घालून त्यांची वाळू सुटण्याची वाट पाहणे, इतके सगळे निष्पन्न होते. त्यात हालचाल आहे, उजेड आहे, सोबत आहे, आणि हाताने केलेल्या कामाचे त्याच संध्याकाळी ताटात दिसणारे फळ आहे. तुमच्या आजारावर जे लागू पडते त्यातले बरेच काही या एका कामात आहे, आणि नेमके तेच तुम्ही निरुपयोगी म्हणून सोडून दिलेत.

हे मी माझ्या कल्पनेने सांगत नाही. तुमच्या शेजारच्या गोव्यात, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी केली. बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे लोकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराच्या जोडीला सहा ते आठ भेटींचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. त्या भेटींचा गाभा एवढाच होता की सोडून दिलेल्या, पूर्वी बरे वाटायला लावणाऱ्या कृती ओळखायच्या आणि मन तयार होण्याची वाट न पाहता त्या पुन्हा लहान प्रमाणात सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के लोक नैराश्याच्या पातळीतून बाहेर आलेले होते. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

यामागचे कारण समजून घ्या, कारण ते समजले की स्वतःवरचा राग कमी होतो. नैराश्यात इच्छा आधी मरते. मग माणूस इच्छा परत येण्याची वाट पाहत घरात बसतो. घरात बसल्यामुळे बरे वाटण्याचे प्रसंगच उरत नाहीत, आणि प्रसंग नसल्यामुळे इच्छा आणखी मागे जाते. तापातून उठलेल्या माणसाला भूक लागेपर्यंत आपण पेजेवाचून ठेवत नाही. दोन घास पोटात गेले की मग भूक जागी होते. तुमच्याही बाबतीत कृती आधी आणि इच्छा मागाहून, असाच क्रम राहील, आणि पहिल्या दोन-तीन वेळा इच्छा मागाहूनही येणार नाही, याची तयारी ठेवा.

तुम्ही खाडीकाठच्या, म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते निघते, हा हिशेब मी तुम्हाला शिकवायला नको. त्रयोदशीला सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी चारच्या आसपास सुकती; चतुर्दशीला ती साडेचारच्या पुढे. उधाणाचे दिवस लागत असल्यामुळे पाणीही चांगले मागे हटते, आणि ही वेळ तुमच्या जड सकाळीपासून सर्वांत दूरची आहे. येत्या त्रयोदशीला, मग ती शुद्ध असो वा वद्य, तुम्ही काकींबरोबर खाडीत उतरायचे आहे. एवढेच. टोपली भरली पाहिजे असे नाही, गप्पा मारल्या पाहिजेत असे नाही, बरे वाटलेच पाहिजे असे तर मुळीच नाही. काठावर बसून राहिलात तरी तुम्ही गेलात असेच मी धरीन. पंधरा दिवसांनी पुन्हा त्रयोदशी येईल, तेव्हा पुन्हा जायचे. या वेळेला तुमच्या मनःस्थितीशी काही देणेघेणे नाही आणि ती कोणाच्या निर्धारावरही अवलंबून नाही, म्हणूनच मला ती कोणत्याही डायरीपेक्षा भरवशाची वाटते. आणि त्या दोन तासांत घरच्या चहाचे काय, गड्यांचे काय, हे यजमानांनी पाहावे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात वाऱ्यावर सोडायची नाही. उजाडूच नये असे वाटते, हे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्याच्या पुढे जाऊन जीव द्यावा असा विचार मनात येतो का? येत असेल, एकदाही आला असेल, तर यजमानांना आजच सांगा आणि पुढची तारीख येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाऊन हेच शब्द त्यांच्यासमोर उच्चारा. रात्री-अपरात्री एकटे वाटले तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ‘टेलिमानस’ ही सरकारची विनामूल्य सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येते. गोळ्या नेमाने घ्या आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोपेपलीकडे फरक नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले नसेल तर तपासून घ्या. तिसऱ्या काढणे हे औषधाच्या जागी नाही, औषधाबरोबर आहे.

फणसपोळीचा उद्योग वाईट नाही. फणस पिकायला अजून अवकाश आहे. तेव्हा वाटले तर पाहू.

काकींच्या अंगणात तुम्ही आज संध्याकाळीच जा. पूर्वी त्या पाणंदीतून हाक मारीत असतील, ‘सुकती लागली, येतंस काय गो?’ तुम्ही दोनदा-तीनदा नाही म्हटल्यावर त्यांनी विचारणे सोडले असेल. रागाने नव्हे, तुम्हाला त्रास नको म्हणून. त्यांना सांगा की त्रयोदशीला हाक मारा, आणि मी नको म्हटले तरी पाच मिनिटे दारात थांबा, मी चप्पल घालते. आजारपणाविषयी बाकी काही सांगण्याची गरज नाही. सांगावेसे वाटले तर सांगा. पण हे आजच करा, कारण त्रयोदशी जवळ येईपर्यंत थांबलात तर न जाण्याची कारणे तुमच्याकडे तयार असतील, आणि ती सगळी पटण्याजोगी असतील.