वाचकांचे प्रश्न : त्रिनिदादमधील चार महिने

प्रश्न : माझा मुलगा त्रिनिदाद बेटावरील सेंट ऑगस्टीन येथील विद्यापीठात अध्यापक आहे. त्याने आम्हा उभयतांना डिसेंबरपासून चार महिन्यांसाठी बोलावले आहे. आम्ही निवृत्त आहोत, शाकाहारी आहोत आणि समुद्रस्नानाची आम्हाला हौस नाही. इंदूरमध्ये सकाळचे फिरणे, वाचनालय, पत्नीची भिशी आणि संध्याकाळच्या गप्पा यांत दिवस कसा सरतो ते कळतही नाही. मुलगा कामावर गेल्यावर तिथे आमचा वेळ कसा जाणार? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : यजमानांच्या नोकरीमुळे मी त्रिनिदादमध्ये सहा वर्षे राहिले आणि जाण्यापूर्वी मलाही हीच काळजी लागली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण ज्यांना संध्याकाळच्या गप्पा म्हणता, त्यांना तिथे ‘लाइमिंग’ असे नाव आहे. काही काम नसताना, किती वेळ बसायचे हे न ठरवता, चार माणसांनी ओसरीवर, दुकानापुढे किंवा नदीकाठी चुलीवर काहीतरी शिजत ठेवून एकत्र बसणे म्हणजे लाइमिंग. शेजाऱ्यांनी बोलावले तर ते तोंडदेखले बोलावणे समजू नये. मी पहिले सहा महिने संकोचाने नाही म्हणत राहिले आणि तेवढे सहा महिनेच कंटाळले. बोलायला विषय हवा असेल तर क्रिकेट पुरेसे आहे. सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये जिथे कसोटी पदार्पण केले, ते क्वीन्स पार्क ओव्हल मैदान राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे आणि त्या मालिकेविषयी बोलणारे म्हातारे टॅक्सीवाले मला भेटलेले आहेत.

एक रीत मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. दुकानात, सामायिक टॅक्सीत किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना तिथे असलेल्या सर्वांना उद्देशून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे असते. अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात आणि ते निरोप घेताना नव्हे, तर भेटताच म्हणतात. काही न बोलता थेट भाव विचारणारा गिऱ्हाईक उद्धट ठरतो.

तिथल्या बऱ्याच लोकांचे चेहरे, आडनावे आणि स्वयंपाकघरातील शब्द आपल्याला ओळखीचे वाटतील. कलकत्त्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोहोचले आणि त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून तिथे नेण्यात आली. त्यांतील बहुतेक भोजपुरी बोलणारी होती. आज त्यांचे वंशज इंग्रजीच बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी एकदम हिंदीत सुरुवात करू नये, ते अवघडतात. तरी तवा, बेलना, बैगन, भाजी हे शब्द टिकून आहेत आणि वडिलांच्या आईला ती मंडळी ‘आजी’ म्हणतात. ट्युनापुनाच्या बाजारात मागून ‘आजी’ अशी हाक आली तेव्हा मी चटकन वळून पाहिले होते. हाक अर्थात दुसऱ्याच कोणाला होती.

शाकाहाराची चिंता नसावी. इंदूरची सकाळ जशी पोहे-जिलबीने उजाडते, तशी तिथली ‘डबल्स’ने उजाडते. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन ‘बारा’ म्हणजे पुरीसारख्या चकत्यांमध्ये रसदार छोले, वर चिंचेची किंवा काकडीची चटणी, असा हा पदार्थ रस्त्याकडेला उभ्यानेच खातात. विक्रेत्याने मिरचीविषयी विचारले की ‘स्लाइट’ म्हणजे अगदी थोडी म्हणावे, कारण तिथली गोल मिरची आपल्या लवंगी मिरचीलाही भारी पडते. बाजारात कारली, बोडी नावाच्या हातभर लांब चवळीच्या शेंगा आणि अळूची मोठमोठी पाने मिळतात. या पानांना वाटलेल्या डाळीचा लेप लावून, गुंडाळी करून तळलेल्या ‘सहीना’ खाल्ल्या, तेव्हा आमच्या सासूबाईंनी ‘अळूवडी बिघडली आहे’ असा निर्वाळा दिला होता. माझ्या मते ती बिघडलेली नाही, नुसती गूळ-चिंचेवाचून पोरकी आहे. जिरावणाची सीलबंद पुडी सोबत जरूर न्यावी आणि विमानतळावर विचारल्यास दाखवावी. तिथले याम नावाचे कंद तळून वर जिरावण भुरभुरले की सराफ्यातल्या गराडूची आठवण निभावते.

जानेवारीत कोरडा ऋतू सुरू होतो, म्हणून आपण योग्य वेळी जात आहात. कार्निव्हल हा तिथला मिरवणुकांचा मोठा उत्सव ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो आणि त्यातली गर्दी सोसवेलच असे नाही. त्यापेक्षा त्याआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी एखाद्या ‘पॅनयार्ड’मध्ये जाऊन बसावे. तेलाच्या पिंपांपासून याच बेटावर घडलेले स्टीलपॅन हे वाद्य शंभरेक माणसे एकत्र वाजवत असतात, एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटतात आणि ऐकणाऱ्याला कोणी हटकत नाही. आमच्या यजमानांना गाण्याचा कान नाही, तरी तेही तिथून उठायला तयार नसत. कारोनीच्या दलदलीत सूर्यास्ताला लालभडक आयबिस पक्षी झाडांवर परततात, ते नावेतून एकदा पाहावे. वॉटरलूचे समुद्रातले मंदिरही पाहावे. साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेले देऊळ पाडले गेल्यावर शिवदास साधू या मजुराने किनाऱ्यापुढे भराव घालून ते पुन्हा उभारले.

अंधारात पायी फिरणे टाळावे, अंगावर सोने घालू नये आणि कोणत्या भागात जाऊ नये हे शेजाऱ्यांना विचारावे. गुन्हेगारीची तक्रार तिथले लोक स्वतःच करतात. भिशीची सोयही होईल. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे सकाळी सात वाजता चहा घेता घेता आपल्या पत्नीला इंदूरच्या दुपारी साडेचारच्या भिशीत फोनवरून हजर राहता येईल.

प्रश्न : मुलीकडे त्रिनिदादला जाताना मिक्सर आणि उपासासाठी साबुदाणा न्यावा का? — एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : मिक्सर नेऊ नये. तिथे घरात ११५ व्होल्टची वीज असते आणि आपले २३० व्होल्टचे यंत्र तिच्यावर धड फिरत नाही. साबुदाणा हवा तर थोडा न्यावा. मात्र तो ज्या कंदापासून तयार होतो, तो कसावा तिथे ताजा मिळतो आणि उकडून, तूप-जिरे व मिरची घालून फार छान लागतो.

प्रश्न : तिथून परतताना लशीचा दाखला लागतो असे ऐकले, ते खरे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : खरे आहे. त्रिनिदादहून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी. तो दाखला आयुष्यभर चालतो. साठी उलटलेल्यांनी मात्र ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.