क्वांटमचं उत्तर बरोबर, हे ठरवतं कोण?

प्रश्न : क्वांटम कॉम्प्युटरचं गणित साध्या कॉम्प्युटरला करायला हजारो वर्षं लागतील म्हणतात, मग उत्तर बरोबर आलंय की मशीन काहीतरी ठोकून देतंय हे तपासतात कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी मुद्द्याचं विचारलंत. काही गणितांत अडचणच नसते, मोठ्या संख्येचे अवयव पाडले की गुणाकार करून ताळा घ्यायचा, संपलं. पण २०१९ मध्ये गूगलच्या सिकामोर चिपनं जे केलं त्याला असा ताळाच नव्हता. ५३ क्यूबिट्स (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट्स), रँडम सर्किट (वाटेल तशा निवडलेल्या क्रियांची साखळी), २०० सेकंदात दहा लाख सॅम्पल्स (दर वेळी उत्तरादाखल मिळणारी ०-१ ची ओळ), आणि दावा काय तर सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागतील (आयबीएमनं लगेच सांगितलं की अडीच दिवसांत होईल).

मग त्यांनी केलं काय, तर त्याच सर्किटमधली चिपच्या दोन भागांना जोडणारी काही किंवा सगळी गेट्स (म्हणजे क्यूबिट्सवरच्या एकेक क्रिया) काढून टाकली, म्हणजे ते साध्या कॉम्प्युटरला झेपायला लागलं, आणि तिथे चिपचं आउटपुट गणिताशी जुळवून बघितलं. शिवाय एकेका गेटची चूक आधीच मोजलेली होती, दोन क्यूबिटच्या गेटला साधारण ०.६२ टक्के, एका क्यूबिटच्या गेटला ०.१६, रीडआउटला (शेवटी क्यूबिट वाचताना) ३.८. आता सर्किटमध्ये ४३० दुहेरी गेट्स आणि १,११३ एकेरी, वर ५३ क्यूबिट्सचं रीडआउट, सगळ्यांच्या न चुकण्याच्या शक्यतांचा गुणाकार केला की अख्खं सर्किट न चुकता चालण्याची शक्यता उरते जेमतेम ०.२ टक्के. तपासता येण्यासारख्या सर्किटांत प्रत्यक्ष आकडा या हिशोबाबरहुकूम आला, म्हणून पूर्ण सर्किटवरही विश्वास ठेवला. मला यातली हीच गोष्ट फार आवडते, ०.२ टक्के हा आकडा ऐकायला किती फालतू वाटतो, पण तो आधी सांगता आला याचा अर्थ चिपमध्ये कुठे काय बिघडतंय हे त्यांना नीट कळलेलं होतं.

तरी तेव्हा हा अंदाजच होता, पुरावा नाही, आणि हे स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. पक्क्या पुराव्याची वाट २०१८ मध्ये उर्मिला महादेव यांनी बर्कलेमध्ये पीएचडी करताना दाखवली : क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त ठेवण्याचं गणित) वापरून साधा कॉम्प्युटरच क्वांटम मशीनला असे प्रश्न विचारतो की खोटं बोलणारं मशीन पकडलं जातं, मशीनच्या आत डोकवायची गरजच नाही. फक्त त्यासाठी इतके जास्त आणि इतके कमी चुकणारे क्यूबिट्स लागतात की आजच्या मशीनला ती पूर्ण परीक्षा झेपत नाही.