एएलटी नॉर्मल आला, आता हिपॅटायटिस सीचे उपचार पुढे ढकलू का?

प्रश्न : एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही. हिपॅटायटिस सी (यकृताचा विषाणू संसर्ग) सुद्धा निघालाय. एएलटी (यकृताची रक्तचाचणी) ७८ होता, आता ३६ आलाय. उपचार पुढे ढकलले तर चालेल?

उत्तर : नका ढकलू. यकृताच्या पेशींना आत्ता किती इजा होतेय, याचा एएलटी हा नुसता अंदाज. यकृतावर आधी किती व्रण (जखमेनंतर राहणारे कडक वण) पडलेत ते त्यातून कळत नाही. हिपॅटायटिस सीमध्ये हा आकडा वरखाली होतच राहतो; सिरोसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) झालेल्यांचाही तो नॉर्मल आलेला मी पाहिलाय. त्यात एचआयव्ही सोबत असला की व्रण लवकर वाढतात, म्हणून माझी एवढी घाई.

रिपोर्टवर एएसटी (एएलटीसारखीच एक रक्तचाचणी) आणि प्लेटलेट बघा. त्यात वय आणि एएलटी धरून डॉक्टर फिब-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढतील. १.४५ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर गेला तर बरीच जास्त. मधे आला तर फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या.

हिपॅटायटिस सीची औषधं बहुधा १२ आठवडे. एचआयव्ही असूनही १०० पैकी ९५ च्या आसपास लोक बरे होतात. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, आणि तुमच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. त्यात एफाविरेंझ ही एचआयव्हीची गोळी असेल, तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर या हिपॅटायटिस सीच्या औषधासोबत ती चालत नाही. पण एचआयव्हीची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.