गिळलेला गळ ओढू नये
आपण गळ टाकायला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून सांगतो की, पकडून पुन्हा पाण्यात सोडायच्या रोहूने गळ घशाखाली गिळला असेल तर तो उपसण्याचा हट्ट धरू नये, कारण माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, घशाच्या खालीच असते आणि एका हिसक्यात ते फाटू शकते. हात ओले करून मासा पाण्यातच धरावा व तंगुसाची (नायलॉनची) दोरी गळाच्या जितकी जवळ कापता येईल तितकी कापावी. साधा लोखंडी गळ कालांतराने गंजतो, कित्येकदा मासाच तो टाकून देतो. स्टेनलेस स्टीलचा मात्र लवकर गंजत नाही, म्हणून मी तो वापरत नाही. वैनगंगेच्या तापलेल्या वाळूवर मासा ठेवून फोटो काढणारे पाहिले की जीव कळवळतो; अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग जडतो. गळाच्या टोकाजवळची उलटी आकडी घरूनच पक्कडीने दाबून आणावी, म्हणजे गळ सहज सुटतो.