वर्षाला मोजून परवाने दिले तर शहराची वाढ आटोक्यात राहते का?

तुमचा प्रश्न असा: एखाद्या छोट्या शहराने 'यंदा एवढ्याच घरांना परवाना' असा कोटा ठरवला, तर त्याची वाढ खरंच आवरते का? आणि निपाणी-खानापूरसारख्या आपल्या गावांत हे जमेल का?

घरांचे नकाशे काढून ते मंजूर करून आणणं हा माझा बेळगावातला धंदा, त्यामुळे उत्तर त्याच टेबलावरून देतोय. आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत हे झालंय, काही अंशी जमलंही, पण त्याची किंमत नंतर येणाऱ्यांनी भरली. आपल्याकडे घराच्या परवान्याला कोटा लावून फारसं काही हाती लागणार नाही, कारण परवान्याचा अर्ज येईपर्यंत शेत विकून झालेलं असतं.

तुम्ही जे ऐकलंय ते बहुतेक पेटालुमाबद्दल असणार. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण ४० मैलांवरचं हे गाव, एके काळी कोंबड्या आणि अंड्यांच्या व्यापारासाठी नावाजलेलं. हमरस्ता झाला, सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करून इथं राहणं परवडू लागलं आणि घरं भराभर उठायला लागली. १९६४ मध्ये तिथं वर्षाला २७० घरं झाली होती. १९७० मध्ये ५९१ आणि १९७१ मध्ये ८९१. पूर्वेकडच्या नव्या वस्तीत शाळा दोन पाळ्यांत भरवायची वेळ आली. तेव्हा १९७२ मध्ये नगर परिषदेने ठरवलं, की पुढची पाच वर्षं वर्षाला ५०० घरं, त्यावर नाही. चार घरांपर्यंतच्या छोट्या कामांना सूट. पाच किंवा जास्त घरांची स्कीम असेल तर रांगेत यायचं.

त्या रांगेची रचना मला आवडते. आधी येईल त्याला आधी, असं नव्हतं. प्रत्येक स्कीमला गुण द्यायचे: पाणी, सांडपाणी, शाळा, अग्निशमन यांची सोय तिथं आहे का, आराखडा कसा आहे, मोकळी जागा किती सोडली. जास्त गुणवाल्यांना आधी परवाने. कोट्याची गावाच्या पूर्व आणि पश्चिम भागांत वाटणी, आणि ८ ते १२ टक्के घरं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी राखीव. गावाभोवती २०० फूट रुंदीचा हिरवा पट्टा आखला, त्यापलीकडे काही वर्षं तरी जायचं नाही.

बिल्डर अर्थातच कोर्टात गेले. १९७४ मध्ये खालच्या कोर्टात ते जिंकले. कुणी कुठं राहायला जावं हे गाव ठरवू शकत नाही, असा निकाल आला. १९७५ मध्ये वरच्या अपील कोर्टाने तो फिरवला आणि गावाला आपलं लहानपण आणि मोकळी जागा राखायचा हक्क आहे, असं मान्य केलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तिथून पुढे बाकीच्या शहरांना रस्ता मोकळा झाला.

मग वाढ थांबली का? पेटालुमाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६० हजारांच्या आत होती. निपाणीची २०११ मध्ये सुमारे ६३ हजार. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या इतक्या जवळ असूनही ते गाव निपाणीएवढंच राहिलं. पण १९७० च्या दशकात शेजारचं रोनर्ट पार्क ६ हजारांवरून जवळजवळ २३ हजारांवर गेलं. त्याचा सगळा दोष पेटालुमाच्या माथी मारता येणार नाही, पण माणसं हवेत विरून जात नाहीत, कुठंतरी राहतातच. शिवाय परवाना दुर्मिळ झाला की बिल्डर त्या एका परवान्यावर मोठं आणि महाग घर बांधतो. ज्याचं घर आधीच आहे त्याची किंमत वाढते, तो खूश. असल्या ठरावांना मतं कोण देतो हे वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियात घरांची टंचाई एवढी विकोपाला गेली, की २०१९ मध्ये राज्याने कायदा करून बहुतेक शहरांना असे वार्षिक कोटे लावायला मनाई केली.

कोलोरॅडोतल्या बोल्डरची तऱ्हा आणखी मजेशीर. १९५९ मध्ये तिथल्या लोकांनी मतदानाने ठरवलं, की डोंगरावर एका ठराविक उंचीच्या वर नगरपालिकेचं पाणी द्यायचं नाही. घर बांधा म्हणावं, पाणी कुठून आणणार? १९६७ मध्ये विक्रीकर थोडा वाढवून त्या पैशातून भोवतालच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. १९७६ मध्ये घरांची वाढ वर्षाला सुमारे दोन टक्क्यांवर बांधली. डोंगर आजही मोकळा आहे, दृष्ट लागावी असा. मात्र नोकऱ्या वाढतच राहिल्या, आणि त्या नोकऱ्या करणारे हजारो लोक रोज आसपासच्या गावांतून गाड्या घेऊन येतात. घरं रोखली आणि ऑफिसं मोकळी सोडली की दुसरं काय होणार!

आता आपल्याकडे या.

वाढ रोखलेलं बेळगाव बघायचं असेल तर कॅम्पात एक चक्कर मारा. ब्रिटिशांच्या वेळचं कॅन्टोन्मेंट, जमिनीचा मोठा भाग संरक्षण खात्याचा, बांधकामाचे नियम कडक. रुंद रस्ते, जुनी झाडं, मोठ्या आवारांतले बंगले. तिथली जमीन बाजारात येतच नाही, म्हणून वाढ थांबली. आणि त्याच कॅम्पाच्या पलीकडे हिंडलगा, गणेशपूर बघा. भिंतीला भिंत लागून घरं. शहराने कॅम्पावरून उडी मारली एवढंच.

हीच उडी कोट्याचं काय होईल ते सांगते. महापालिकेच्या हद्दीत 'यंदाचे परवाने संपले' म्हटलं, की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हद्दीबाहेर जाणार. कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे ही काल-परवापर्यंत शिवार असलेली गावं आज शहरात मिसळलीत, ती काही कोटा नसताना. कोटा लावल्यावर तो लोंढा किती वाढेल याचा अंदाज करा. निपाणीत तर राज्याची सीमाच हाकेच्या अंतरावर. पलीकडे कागलच्या बाजूला नियम वेगळे, कार्यालयं वेगळी.

पण खरी गोम त्याहून खाली आहे. माझ्याकडे घराच्या नकाशासाठी माणूस येतो तेव्हा पिशवीतून काय काढतो? बऱ्याचदा एकत्रित उतारा. त्यावर डझनभर नावं, भाऊबंद कोण आणि प्लॉटधारक कोण कळू नये अशी. त्याच्या वाट्याला आलेला तीस बाय चाळीस फुटांचा तुकडा बॉण्ड पेपरवर लिहून घेतलेला, सोबत एक रंगीत नकाशा. त्यात हिरव्या रंगात बाग आहे, तीस फुटी रस्ते आहेत. जागेवर गेलं की मुरूम टाकलेली एक वाट, चुना फासलेले दगड आणि पलीकडे उभं भात. एन.ए. (शेतजमिनीचं बिगरशेती) झालेलं नाही, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी नाही. या माणसाला मी सांगतो, "काका, याच्यावर परवाना निघत नाही." तो म्हणतो, "ते ठाऊक आहे ओ, तुम्ही फक्त घर कसं बसतंय ते काढून द्या." आणि पुढच्या दिवाळीला तिथं स्लॅब पडलेला असतो.

या माणसाला कोटा कसा लागू करणार? तो परवाना मागायलाच आलेला नाही.

त्यालाही दोष देववत नाही. मंजूर लेआउटमधला, म्हणजे रस्ते-गटारांसह आखून मंजूर केलेल्या वसाहतीतला, प्लॉट त्याच्या आवाक्याबाहेर गेलाय. आयुष्याची पुंजी त्याने त्या तुकड्यात घातली. नंतर सरकारलाही या घरांचं काय करायचं हा प्रश्न पडतोच. कर्नाटकात 'अक्रम-सक्रम' म्हणून अशी बांधकामं दंड घेऊन नियमित करायची योजना आली, ती २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीत अडकली. २०२५ मध्ये राज्यभर शहरांतल्या अशा मिळकतींना बी खाता, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मिळकतीची पालिकेच्या दप्तरातली नोंद, देण्याची मोहीम निघाली. त्यात कर वसूल होतो, कागद हातात येतो, पण गटार येत नाही. भिंती उभ्या राहिल्यावर त्या पाडायचं धाडस कुणी करत नाही, करूही नये म्हणा. म्हणून आवर घालायचा तो आधीच्या पायरीवर, जमीन तुकडे होऊन विकली जाते तिथं.

या बाबतीत पेटालुमापेक्षा रामापो आपल्याला जवळचं. न्यूयॉर्क राज्यातलं हे गाव. त्यांनी १९६९ मध्ये आकड्याचा कोटा ठेवलाच नाही. सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा, बागा-शाळा, रस्ते आणि अग्निशमन यांची सोय जागेपासून किती जवळ आहे यावर गुण, आणि किमान १५ गुण झाले तरच घरं बांधायची परवानगी. गावाने आपल्या बाजूने १८ वर्षांत कुठं काय बांधणार याचा आराखडा जाहीर केला होता. घाई असेल त्या बिल्डरने गटार, रस्ता स्वतःच्या खर्चाने करावा आणि गुण मिळवावेत. १९७२ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. 'इथं येऊ नका' असं गाव म्हणत नव्हतं, 'गटार झाल्यावर या' म्हणत होतं. हे मला पटतं.

गंमत म्हणजे कागदावर आपल्याकडे हे आहेच. लेआउट मंजूर झाला तरी सगळे प्लॉट एकदम विकायला मोकळे नसतात. रस्ते, गटार, पाणी, वीज जसजशी होईल तसतसे टप्प्याने सोडायचे, असा नियम आहे. हा नियम काटेकोर पाळला तर तोच आपला कोटा. पण नियम मंजूर लेआउटला. ज्याने मंजुरीच घेतली नाही त्याचे प्लॉट एका उन्हाळ्यात संपतात. म्हणजे नियमाने चालणारा रांगेत आणि बाकीचे बांधावरून आत.

२०२० मध्ये कर्नाटकाने शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घ्यायची मुभा दिली, त्यामुळे शिवारात पैसा आणखी सहज शिरतो. याच्या उलट एक चांगली गोष्टही झाली. अलीकडे शहरी मिळकतीच्या नोंदणीला ई-खाता, म्हणजे पालिकेचा ऑनलाइन मिळकत-उतारा, लागतो, त्यामुळे सब-रजिस्ट्रार ऑफिसात पूर्वीसारखं काहीही खपत नाही. अडवायची खरी जागा ती आहे. बॉण्डवरचे व्यवहार त्यानेही थांबले नाहीत, पण बॉण्डवर बँक कर्ज देत नाही आणि त्यामुळे भाव पडतो, हे मी डोळ्यांनी बघतोय.

वाढ आवरायची ती कशासाठी, हेही विचारून घ्यायला हवं. बेळगावात माझ्या मते कारण एकच पुरेसं आहे: पाणी, येणारं आणि जाणारं. प्यायचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं. जाणारं पाणी बळ्ळारी नाल्यात. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून हा नाला वाहतो, आणि दर पावसाळ्यात भात पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येतात. बेळगावी बासमती म्हणून ज्याचं आपण कौतुक सांगतो ते याच पट्ट्यातलं. तिथं एकाने प्लॉटवर तीन फूट भराव टाकला की त्याचं घर वाचतं आणि पाणी शेजारच्या बांधावरून वाफ्यात शिरतं. मग शेजारी वैतागून तोही जमीन प्लॉटला देतो. नाल्याच्या दोन्ही अंगाला अमुक अंतरात भराव नाही, प्लॉट नाही, एवढी एक रेघ जरी कुणी पक्की आखली आणि राखली, तरी ५०० घरांच्या कोट्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. बोल्डरने डोंगरावर रेघ मारली, आपण नाल्याकाठी मारू.

आणखी एक, जरा नाजूक. गुण देऊन परवाने वाटायचे म्हटलं की गुण देणारं टेबल आलं. आपल्या सीमाभागात 'बाहेरचा' कोण यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. इथं पाटीच्या भाषेवरून वातावरण तापतं. अशा ठिकाणी 'गावाचं स्वरूप राखण्यासाठी' कुणाला घर बांधू द्यायचं हे ठरवायचा अधिकार कुठल्याही समितीच्या हातात नसलेला बरा. गटार आहे की नाही, हे मोजता येतं. गावाचं स्वरूप कोण मोजणार आणि कुठल्या भाषेत?

कायद्याचं म्हणाल तर नियमात बसणारा नकाशा असेल तर नुसता 'यंदाचा आकडा भरला' म्हणून तो नाकारायचा अधिकार निपाणीच्या किंवा खानापूरच्या पालिकेला आज नाही. त्यासाठी बेंगळुरूला कायदा बदलावा लागेल. नाल्याची रेघ, लेआउटचे टप्पे, पाण्याची जोडणी हे मात्र आहे त्या कायद्यांत बसतं.

तुम्ही निपाणीचे असाल तर कोट्याची मागणी घेऊन पालिकेत जाण्याआधी एक करा. गावाभोवती सध्या जे लेआउट विकले जातायत त्यांतले मंजूर किती, याची यादी माहिती अधिकारात मागा. आणि मंजूर असलेल्यांत टप्प्याने प्लॉट सोडल्याचे आदेश कधी, कोणती कामं पूर्ण झाल्यावर निघाले, त्याच्या प्रती मागा. तो कागद हातात आला की मला कळवा. नकाशे वाचून द्यायला मी आहेच.