एक्क नंबर आणि सेत्तन

प्रश्न: मी कोल्हापुरात इंग्रजीत एमए करतोय. जुन्या इंग्रजीत 'सेत्तन' (बसवणे, ठेवणे), 'बिद्दन' (मागणे) यांत व्यंजन डबल आहे आणि गॉथिकमध्ये (इंग्रजीच्याच घराण्यातली, आता कुणी न बोलणारी जुनी भाषा) मात्र 'सत्यन', 'बिद्यन'. आपण रंकाळ्यावर भेळ खाताना 'एक्क नंबर' म्हणतो तसा जोर द्यायला डबल केलंय का?

उत्तर: प्रश्न लय आवडला, कारण उत्तर तुम्हीच अर्धं लिहून पाठवलंय! गॉथिकमधला तो 'य' बघा. सगळी करामत त्याची. संस्कृतात 'सद्' म्हणजे बसणे, त्याचं 'सादयति' म्हणजे बसवतो, गॉथिकचा 'सत्यन' याच घरातला. गॉथिक चौथ्या शतकातल्या बायबल भाषांतरामुळे आपल्याला दिसते, तिथं त एकटाच. पण पश्चिमेकडच्या इंग्रजी, सॅक्सन, जर्मन या बहिणींत ऱ्हस्व स्वरानंतरच्या व्यंजनापुढं य आला की ते व्यंजन डबल झालं. जुन्या सॅक्सनमध्ये 'सेत्तियन', म्हणजे डबल पण झालं आणि य पण अजून हजर, इंग्रजीत पुढं य गळाला आणि डबल तेवढं राहिलं, म्हणून ते बिनकारणाचं वाटतं. स्वर दीर्घ असला तर काही होत नाही, गॉथिकमध्ये 'दोम्यन' (न्याय करणे), तर जुन्या इंग्रजीत नुसतं 'देमन'. र पण हटवादी, डबल होतच नाही, जुन्या इंग्रजीतल्या 'नेरियन' (वाचवणे) मध्ये तो एकटाच.

आता 'एक्क नंबर'कडे येतो. इंग्रजी 'लिक' म्हणजे चाटणे, जुनं रूप 'लिक्कियन', आणि इथं ते डबल य मुळं झालेलं नाही. जोर द्यायला किंवा पुन्हापुन्हा करायची क्रिया दाखवायला डबल केलं असं म्हणणारे अभ्यासक होतेच, त्यामुळं तुमचा अंदाज वाया गेलेला नाही. पण जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्लुगं यांनी 1884 मध्ये मांडलं की मुळात पुढं 'न' हे व्यंजन होतं, ते आधीच्या व्यंजनात मुरलं, ग आणि न चं ग्ग झालं, मग त्याचं क्क. मूळ धातू तोच जो आपल्या 'अवलेह'मध्ये आहे, लिह्. गॉथिकमध्ये मात्र 'बिलैगोन' (चाटणे), तिथं न ची जोड नाही म्हणून ग एकटाच! मला हे जास्त पटतं, कारण आपल्याकडं डोळ्यांदेखत तेच झालंय, अग्नीचं प्राकृतात अग्गि आणि मग आपली आग. जोर द्यायला कुणी अग्गि म्हणत नव्हतं, न तिथं जिरला एवढंच.

तेव्हा पुढचं डबल व्यंजन दिसलं की आधी गॉथिक रूप काढून बघा, तिथं य सापडतो का ते.